मळवलीला काय वाजले होते?

आमच्या मावळ तालुक्याची एक स्मरणिका निघायची आहे. निघायची आहे, असे मी गेली तीन वर्षे ऐकत होतो. यंदा मात्र कागद आला, छापखाना ठरला आणि समितीने मजकूर जमवायला आरंभ केला. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, म्हणून मलाही समितीत घेतले. मुखपृष्ठ फुकटात पदरात पडावे हा हेतू त्यात नसेलच असे नाही.

पहिल्या बैठकीत विसाव्या शतकाचे प्रकरण वाचले गेले. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना त्यात होता, टाटांचे वळवणचे धरण होते, १९२४ साली निघालेले कैवल्यधाम होते, द्रुतगती मार्ग होता. चिक्कीला तर स्वतंत्र परिच्छेद होता. सगळे यथास्थित होते. मी फक्त एवढेच म्हणालो, "यात एक ओळ घालू या. १९७१ साली मळवली येथे 'स्नेहयात्रा' या नावाने तरुण रॉक वाद्यपथकांचा मेळावा भरला होता."

बैठकीत शांतता पसरली. मग अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, हिप्पी लोक येऊन गांजा ओढून गेले, ते काय पुस्तकात लिहायचे? पोरेबाळे वाचणार आहेत." चिटणीस म्हणाले, "आणि हे खरे कशावरून? तुम्ही पडलात कादंबरीवाले!" कोपऱ्यातून तिसरे गृहस्थ म्हणाले, "खरे असले तरी ते आपले नव्हे." चहा आला, आणि ओळ गेली.

या तीन वाक्यांना त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. घरी येताना रस्त्यात सगळी उत्तरे सुचली. माझ्यासारख्यांचे नेहमी असेच होते. ती उत्तरे आता वाचकांपुढे मांडतो. न्याय त्यांनी करावा.

प्रथम चिटणिसांचे वाक्य घेतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. हे खरे कशावरून?

मलाही हे ठाऊक नव्हते. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एका मुलाचा मोबाईल मी जप्त केला. कानात दोरी खुपसून तो स्थिरचित्र काढत होता आणि त्याच्या मडक्याला लाटा आल्या होत्या. शिक्षकांच्या खोलीत मी ती दोरी स्वतःच्या कानात घातली. आत विजेची गिटार कण्हत होती, ढोल मागून धावत होता, आणि गाणारा पोरगा जणू विहिरीतून ओरडत होता. मला वाटले, लंडन-अमेरिकेतले काही असेल. मुलगा मोबाईल न्यायला आला तेव्हा म्हणाला, "नाही सर, हे इथलेच आहे. पन्नास वर्षांपूर्वीचे." मी त्याला खोटारडा म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याने तबकडीच्या वेष्टनाचे चित्र दाखवले आणि मला शब्द मागे घ्यावे लागले.

त्या तबकडीचे नाव 'सिमला बीट ७०'. तिच्या पाठोपाठ 'सिमला बीट ७१' निघाली. त्या काळी अखिल भारतीय स्पर्धा होत. मद्रास, बंगलोर, शिलाँग, मुंबई, जिथे जिथे चार पोरांनी गिटारी गळ्यात घातल्या होत्या तिथून पथके येत, आणि त्यांतल्या निवडक पथकांची गाणी या तबकड्यांवर घेतली गेली. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स ही त्यांतली नावे. याखेरीज मुंबईत जेट्स होते, सॅव्हेजेस होते, मिस्टिक्स होते. ह्यूमन बाँडेज होते, ॲटॉमिक फॉरेस्ट होते. कलकत्त्याहून १९६७ ते १९७७ पर्यंत निघणाऱ्या 'ज्युनियर स्टेट्समन' या साप्ताहिकात त्यांची छायाचित्रे येत. सिद्धार्थ भाटिया यांनी २०१४ साली या पिढीवर इंग्रजीत अख्खे पुस्तक लिहिले आहे. मळवलीची स्नेहयात्रा ही या मंडळींचीच. तेव्हा चिटणीससाहेब, ही कादंबरी नव्हे. कादंबरी मला याहून बरी लिहिता आली असती. मी निदान मुलांना वाद्ये तरी धड मिळवून दिली असती. कारण परदेशी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते. गिटार ओळखीने मिळायची आणि ध्वनिवर्धक कुणातरी देशी कारागिराकडून जुळवून घ्यायचा. गाणी शिकायची ती रेडिओ सिलोनला कान लावून. शब्द निम्मे कळायचे, निम्मे अंदाजाने भरायचे. मी मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही. मला आजही त्या गाण्यांतले निम्मेच शब्द कळतात. त्यामुळे त्या पोरांविषयी मला फार आपलेपणा वाटतो.

आता अध्यक्षांचे वाक्य. गांजा.

नव्हता असे मी म्हणत नाही. या संगीताला सायकेडेलिक म्हणतात ते उगाच नव्हे. नशेत भिंत हलताना दिसते, तसे सूर हलते ठेवायचे, गिटारीचा आवाज ताणायचा, उलटा फिरवायचा, हा तो प्रकार. आणि त्यातल्या कित्येकांनी ती भिंत खरोखर हलताना पाहिली होती. त्या पायी आयुष्ये गेली. ते मी शाळामास्तर असून झाकणार नाही आणि मुलांनाही झाकून सांगणार नाही. पण अध्यक्षमहाराज, माणसाचे व्यसन पाहून त्याची कला इतिहासातून खोडायची ठरवली तर आपल्या मराठी रंगभूमीचा इतिहास किती पानांचा उरेल? तमाशाचा किती ओळींचा उरेल? तिथे आपण म्हणतो, "काय गळा होता! बाकीचे सोडा." मग इथेच बाकीचे का धरून बसायचे? आणि गणपतीत आमच्याच आळीत ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहते, खिडक्यांची तावदाने थरथरतात, तेव्हा याच समितीतले निम्मे सभासद तिला हार घालायला उभे असतात. ती भिंतही हलतेच की!

उरले तिसरे वाक्य, आणि खरे भांडण तिथेच आहे. "ते आपले नव्हे."

मळवली स्टेशनावर उतरावे. एका अंगाला भाज्याची लेणी, दुसऱ्या अंगाला सडक ओलांडून कार्ल्याची. आधी कार्ल्याला चला. त्या चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, आणि त्यांत धेनुकाकटाचे यवन आहेत. यवन म्हणजे परके, पश्चिमेकडून आलेले. दोन हजार वर्षांपूर्वी मावळातल्या डोंगराने परक्याचे नाव अंगावर गोंदवून घेतले आणि त्याचे काही बिघडले नाही. त्या लेण्याच्या दाराशीच एकवीरा आहे. चैत्रात कोळी बांधव पालख्या घेऊन येतात, तेव्हा पुढे कोणते वाद्य असते? ट्रंपेट! ते कुठल्या कोकणी वाडीत उगवले? आणि आमच्या मावळातल्या प्रत्येक भजनी मंडळाचा प्राण जी पेटी, ती युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती. भारतीय संगीताला ती शोभत नाही, असा तेव्हाच्या जाणकारांचा अभिप्राय होता. ही बंदी सैल झाली ती १९७१ साली. म्हणजे ज्या साली मळवलीला गिटारी वाजल्या, त्याच साली. त्या बंदीच्या एकतीस वर्षांत गावोगावच्या बुवांनी पेटी खाली ठेवली काय? आकाशवाणी आपल्या जागी आणि पेटी देवळात! मग आपले कशाला म्हणायचे, हे जाणकारांनी ठरवायचे की वाजवणाऱ्यांनी?

"पण ही निव्वळ नक्कल होती," असे आमचे एक विद्वान मित्र म्हणतात. पुष्कळशी होती. काही गाणी तर अशी आहेत की मूळ गाणे ठाऊक असलेल्याने कानावर हात ठेवावेत. पण त्याच तबकड्यांत पोरांनी स्वतः रचलेली गाणी आहेत. आणि नक्कल हा गुन्हा मानायचा, तर मग साहित्यातल्या मंडळींनाही त्याच पिंजऱ्यात उभे करा. त्याच वर्षांत आमच्या लघुअनियतकालिकांची धमाल चालू होती. 'शब्द', 'असो', 'वाचा' ही त्यांची नावे. १९६९ साली तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली. तेही परदेशी बंडखोर कवी वाचत होते, दाढ्या वाढवत होते, हाताने छापून शेकड्याच्या आत-बाहेर प्रती वाटत होते. आज त्यांच्यावर प्रबंध होतात, परिसंवाद झडतात, जुना अंक सापडला की जपून ठेवतात. ते योग्यच आहे. पण ज्या मुंबईत, ज्या वयात, ज्या अस्वस्थतेने कवितेच्या वह्या भरल्या, त्याच अस्वस्थतेने शेजारच्या खोलीत ढोल बडवले गेले, त्याची नोंद का नको? आणि भिंत काही फार जाड नव्हती. 'जेजुरी'च्या अरुण कोलटकरांनी अर्जुन शेजवळांकडे पखवाजाचे धडे घेतले होते आणि १९७३ च्या सुमारास स्वतःची इंग्रजी गाणीही ध्वनिमुद्रित करून पाहिली होती. कवी तबकडीकडे पाहत होता. आपण मात्र फक्त कवितेकडे पाहत राहिलो.

"ती सगळी इंग्रजाळलेली, पैसेवाल्यांची पोरे," हा आणखी एक टोला. त्यात तथ्य आहे. शेतकऱ्याच्या पोराला गिटार कुठून मिळणार? परंतु त्यांत मराठी कुणी नव्हतेच, हे मात्र खोटे. आत्माराम भेंडे यांच्या नाटकांना ज्यांची दिवाळी-उन्हाळ्याची सुट्टी हसण्यात गेली, त्यांना सांगतो: त्यांचा मुलगा नंदू भेंडे व्हेल्वेट फॉग आणि सॅव्हेजेस या पथकांतून रॉक गात होता. १९७४ साली अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो ज्यूडास झाला; आणि १९७८ साली पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने पु. लं.चे 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आणले तेव्हा अंकुशाच्या भूमिकेत तोच रॉकचा गळा मराठीत गायला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. तो गळा कुठे तयार झाला, हे कुणी विचारले नाही. २०१४ साली नंदू भेंडे गेले. आता विचारायचे कुणाला?

इथे दुसऱ्या बाजूच्या मंडळींचाही समाचार घेतला पाहिजे. नाहीतर माझे भांडण एकतर्फी होईल. साहेबाच्या देशात अशा विसरलेल्या पथकांचा शोध हा एक मोठा छंद आहे. १९७२ साली लेनी के नावाच्या एका अमेरिकन तरुणाने आपल्याकडच्या अशाच एका-एका गाण्याच्या धन्यांची गाणी वेचून 'नगेट्स' नावाचा दुहेरी संग्रह काढला, आणि तेव्हापासून लोक साऱ्या पृथ्वीचे माळे धुंडाळू लागले. धुंडाळता धुंडाळता ते आमच्यापर्यंत आले. 'सिमला बीट'च्या तबकड्या परदेशात पुन्हा छापल्या गेल्या, ॲटॉमिक फॉरेस्टचे संगीत अमेरिकेतून पुन्हा प्रसिद्ध झाले. १९६५ च्या 'गुमनाम'मध्ये बुरखा लावून लक्ष्मी छाया ज्या गाण्यावर नाचली, त्याला रफीचा गळा आणि शंकर-जयकिशनचे संगीत आहे हे आपल्याला पाठ असते. पडद्यावर मागे वाजवणाऱ्या टेड लायन्सच्या पथकाचे नाव आपण कधी वाचले नाही. २००१ साली एका अमेरिकन चित्रपटाने आपला आरंभच त्या नाचाने केला, तेव्हा तिकडच्या लोकांनी ते वाचले.

त्यांचे उपकार मानले पाहिजेत. पण त्या हौशी मंडळींतल्या काहींची एक खोड मला मानवत नाही. तबकडी जितकी दुर्मीळ तितकी थोर, असे त्यांचे गणित आहे. ज्याचे नाव दोन माणसांना ठाऊक ते रत्न. तिसऱ्याला कळले की त्याचे पाणी उतरले! हा सराफी हिशेब झाला, संगीताचा नव्हे. विसरले गेले म्हणून काही चांगले ठरत नाही आणि विसरले गेले म्हणून वाईटही ठरत नाही. ऐकावे आणि मग ठरवावे. आपण ऐकण्याच्या आधीच ठरवतो आणि ते विकत घेतल्यावर ठरवतात, एवढाच काय तो फरक.

मला खरी टोचणी लागली ती एका नावाने. 'सिमला' म्हणजे काय, असे मी त्या मुलाला विचारले. आम्हा दोघांनाही वाटले होते, थंड हवेचे ठिकाण. ते सिगारेटचे नाव निघाले. स्पर्धा तंबाखूच्या कंपनीने भरवली होती. पोरे विसरली गेली आणि विडीचे नाव तेवढे तबकडीवर राहिले.

त्यानंतरच्या रविवारी मी भाज्याला गेलो. तिथल्या शेवटच्या विहारात, सूर्य म्हणून दाखवतात त्या शिल्पाच्या पलीकडच्या भिंतीवर, एक बाई तालवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. तो तबलाच, असे काही जण हिरिरीने सांगतात. त्या वादात मी पडत नाही. वाजवणारी मात्र तालात आहे, हे तिच्या हातांवरून चित्रकला शिकवणाऱ्याला दिसते. दोन हजार वर्षे ती वाजवते आहे. तिचे नाव काय? कुठेच नाही. कार्ल्याला वैजयंतीच्या भूतपाल शेठजीचे नाव आहे, जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह आपण पुरे केले, असे त्याने ठणकावून लिहवून ठेवले आहे. पैसा देणाऱ्याचे नाव डोंगरावर, वाजवणारी अनामिक. सिगारेटचे नाव तबकडीवर, वाजवणारे अनामिक. दोन हजार वर्षांत आम्ही एवढीच प्रगती केली काय? आणि ही रीतच होती, असेही कुणी म्हणू नये. त्याच कार्ल्याला दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. म्हणजे लिहायचे मनात आले तर हात चालतो.

वुडस्टॉकचे नाव आता सर्वांना ठाऊक झाले आहे. १५ ऑगस्ट १९६९ च्या रात्री तिथे पावसात रविशंकर वाजवले, अल्लारखा साथीला होते, हे आपण अभिमानाने सांगतो. तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या, हे किती मराठी घरांत ठाऊक आहे?

लोणावळ्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. ते तरुणपणी मुंबईत एका पथकात ढोल वाजवत, असे मला कळले म्हणून मी गेलो. त्यांच्या पथकाची तबकडी कधी निघाली नाही. लग्न ठरले तेव्हा ढोल विकले गेले. दोन काड्या तेवढ्या राहिल्या. त्यांतली एक काडी खिडकीच्या दाराला टेकण म्हणून लावली होती आणि दुसरीने बाई पापडाचे पीठ हलवत होत्या. मी फार आग्रह केला, तेव्हा म्हातारबुवांनी त्या दोन्ही मागून घेतल्या, पिठाची आधी धोतराला पुसली, आणि स्टुलावर दोन मिनिटे वाजवून दाखवले. खिडकी वाऱ्याने आपटत राहिली; ती धरायला कुणी उठले नाही. बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "मी हे कधी ऐकलेच नव्हते." लग्नाला एकावन्न वर्षे झाली होती.

मी विचारले, "तुमचे पथक चांगले होते का हो?"

"छे हो," ते म्हणाले, "वाईटच वाजवायचो. पण रोज वाजवायचो."

मी त्यांच्या चारही साथीदारांची नावे लिहून घेतली. तिघांची त्यांना चटकन आठवली. चौथ्याचे आडनाव आठवेना. त्यांनी पुष्कळ डोके खाजवले, जुने छायाचित्र काढले, मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. तो चौथा गिटार वाजवायचा, उंच होता आणि फार हसायचा, एवढेच माझ्या वहीत राहिले आहे.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत माळा झाडाल तेव्हा माझी एक विनंती ध्यानात ठेवा. ट्रंकेत काळ्या तबकड्या निघतील, रद्दीवाल्याला देण्याआधी वेष्टन वाचा. गळ्यात गिटार अडकवलेल्या, कानावर केस आलेल्या कुणा काकाचे छायाचित्र निघेल. त्याला हसा, अवश्य हसा, पण काकांना हाक मारा, आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावे त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा. काका आज आहेत. भाऊबीजेला येतील तेव्हाच हे काम करून घ्या.

स्मरणिकेची पुढची बैठक कार्तिकी एकादशीनंतर आहे. मी तीच ओळ पुन्हा घेऊन जाणार आहे. समितीने ती पुन्हा काढली, तर मुखपृष्ठ त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावे.